तात्पर्य बुजवणारे गुरुजी

गुरुजी पोरांची पुस्तकं वाचायचे. पोरांना वाचून दाखवायची म्हणून नव्हे, स्वतःसाठी. पन्नाशीला टेकलेला, धोतर-टोपीतला, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला माणूस शाळा सुटल्यावर पारावर बसून मोठ्या टायपातलं चित्रांचं पुस्तक वाचतोय, मधेच एकटा हसतोय, मधेच दस्तीनं डोळे पुसतोय, हे त्या गावाला रोजचं होतं. नवखा माणूस थांबून बघायचा. मग कुणीतरी त्याला सांगायचं, "त्यांचं तसंच हाय. माणूस लय चांगला, पर किताब हातात आली की लेकरू होतंय."

गाव पोखर्णीच्या पुढं, सडकेपासून बरंच आत. मी तिथं नवा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मला कुणी खोली देईना. आधी नाव विचारायचे, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची. माझ्या वडलांनी धम्म स्वीकारला त्याला तेव्हा चौदा-पंधरा वर्षं झाली होती, पण गावाच्या लेखी काही बदललं नव्हतं. सुरुवातीला मी शाळेतच टेबलं जोडून झोपत असे. एक दिवस गुरुजींनी मला गाठलं.

"मास्तर, तुमाला मोठ्यानं वाचता येतं का?"

"येतं की."

"अडखळत न्हाई ना?"

"नाही."

"मग चला माझ्या घरी. पडवीतली खोली रिकामीच हाय. भाडं नको. रोज दिवेलागणीला अर्धा घंटा मला वाचून दाखवायचं. माझं मी वाचतोच, पर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं वाटतं कवा कवा."

अशी माझी सोय लागली. घर लिंगायताचं. मानवतला त्यांच्या भावांची कापसाची, भुसाराची आडत होती आणि गुरुजींनी गादीवर बसायचं सोडून मास्तरकी धरली म्हणून भावांशी बोलणं जेमतेम होतं. गुरुजींच्या पत्नी, काकू, मला चहा वेगळ्या कपात द्यायच्या आणि तो कप कोनाड्यात पालथा ठेवायच्या. आठवडाभरानं गुरुजींनी कोनाड्यातला तो कप उचलला आणि स्वतःचा चहा त्यात ओतून घेतला. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कप एकमेकांत मिसळून गेले. पुढं त्याच काकू, मला ताप आला तेव्हा माझ्या उशाशी बसून राहिल्या.

मी एकदा विचारलं, "गुरुजी, पोरांची पुस्तकंच का वाचता?"

"आमच्या वक्ताला तालीम उर्दूत होती मास्तर. निजामाचं राज. अलिफ-बे करत लहानपण गेलं. घरी बोलायचं मराठी, शिकायचं उर्दू. मराठीतली पहिली गोष्टीची किताब हातात आली तवा मी तीस वर्षांचा बाप्या होतो. ट्रेनिंगला होतो. वाचली अन् ढसाढसा रडलो. मराठीतलं लहानपण राहूनच गेलं बघा माझं. ते आता उरकायलोय."

ते पुस्तकाला किताब म्हणायचे, पानाला सफा, धड्याला सबक. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं माझ्या वर्गात आली की विचारायची, "गुर्जी, कोणता सफा काढू?" आणि पहिले काही दिवस मला ते समजायचंच नाही.

शाळेची पुस्तकं पूर्वी लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवलेली असायची. हरवली तर जबाबदार कोण, ही सगळ्याच शाळांत धास्ती. गुरुजींनी पेटी उघडली आणि व्हरांड्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांधून पुस्तकं तिच्यावर वाळत घातली. अगदी धुणं वाळत घालावं तशी, मधे उघडून, पोरांच्या हाताला येतील इतक्या खाली. मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी, चोरीला जातील." गुरुजी म्हणाले, "पेटीत उंदीर वाचायलेत. हितं निदान लेकरं तरी वाचतील." पुस्तकं जायची. काही परत यायची, काही नाही. एकदा एका पोराच्या आजीनं चित्र आवडलं म्हणून पान फाडून देवळीत देवाशेजारी लावलं. गुरुजी मुद्दाम ते बघायला गेले आणि आठवडाभर त्या आजीचं कौतुक करत फिरले.

त्यांची सगळ्यात गमतीची खोड तात्पर्याची. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी छापलेलं तात्पर्य ते बुजवून टाकत. सुट्टीच्या दिवशी पडवीत कणकेची खळ घेऊन बसायचे, जुन्या पंचांगाच्या पट्ट्या कापायचे आणि नव्या आणलेल्या पुस्तकातल्या एकेका तात्पर्यावर चिकटवायचे. मी हसलो तर म्हणाले, "लेकरू गोष्ट ऐकून खुशीत असतंय. तेवढ्यात हे तात्पर्य येऊन त्याच्या कानफटात मारतंय. कामून? त्याला काय घ्यायचं ते घिऊ द्या की."

यावरून एकदा तमाशाही झाला. तपासणीला साहेब आले होते. त्यांनी चौथीतल्या एका पोरीला गोष्ट वाचायला लावली. तिनं झकास वाचली. साहेब खूश होऊन म्हणाले, "छान! आता या गोष्टीचं तात्पर्य सांग." पोरगी गोंधळली. पुस्तकातल्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "ते खाली गाडलंय साहेब. वर एकादशी हाय." साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, पट्टीवरची तिथी वाचली आणि लालेलाल झाले. शेऱ्यात काय काय लिहून गेले. गुरुजींना त्याचं काहीच वाटलं नाही. मानवतला बाजाराला गेले तेव्हा त्यांनी त्या पोरीसाठी रेवड्या आणल्या.

आणि त्यांची वाचायची रीत. दुपारच्या सुट्टीनंतर ते वर्गाला वाचून दाखवत. आवाज भरदार, राक्षस आला की खिडकीची फळी थरथरायची. गोष्ट ऐन रंगात आली, आता काय होणार म्हणून पोरं पुढं सरकली, की गुरुजी पुस्तक मिटायचे, खिडकीत ठेवायचे आणि "पाणी पिऊन येतो" म्हणून निघून जायचे. परत यायचेच नाहीत. पाच मिनिटांत खिडकीपाशी झुंबड उडायची. ज्याला बरं वाचता येतं तो वाचायचा, बाकीचे त्याच्या पाठीवर लटकायचे. गुरुजी भिंतीआड उभे राहून ऐकायचे. त्या शाळेत मार नव्हता. शिक्षा एकच होती. पोरानं लय दंगा केला की गुरुजी शांतपणे सांगायचे, "आज तुला किताब न्हाई." मी पोरांना त्यावरून हुंदके देऊन रडताना पाहिलं आहे.

दुष्काळ पडला तेव्हा शाळा ओस पडली. पोरं आईबापांबरोबर सडकेच्या कामावर, खडी वाहायला. गुरुजी पिशवीत पुस्तकं भरून कामावर जायला लागले. दुपारी खायला सुकडी वाटली जाई, त्या वेळात ते धुळीत फतकल मारून वाचत. एका बाईनं त्यांना म्हटलं, "गुर्जी, पोट भरंल असं कायतरी वाचा की." त्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी राजाच्या घरच्या मेजवानीची गोष्ट काढली. जिलेब्या, बुंदी, साजूक तुपातल्या पुऱ्या. वाचता वाचता त्यांनी मान वर केली. पोरं ऐकत नव्हती, गिळत होती. एक लहान पोरगा तळहात चाटत होता. गुरुजींनी पुस्तक मिटलं. घरी आल्यावर जेवले नाहीत. मला म्हणाले, "मास्तर, आज मी लेकरांना छळलं हो." पुढं कितीतरी दिवस ते कामावर नुसते जाऊन बसत. पुस्तक काढत नसत.

इथवर सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काय भला माणूस. होतेच. पण त्यांना एक मुलगा होता.

आधीची लेकरं जगली नव्हती. हे उतारवयात झालेलं. बसवराज, सगळे बसू म्हणायचे. मी राहायला गेलो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल. चुणचुणीत पोरगं. कंदिलाची बिघडलेली चावी, मोटेचं चाक, कुणाची सायकल, काहीही समोर द्या, उलगडून पुन्हा जोडणार. एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. पण वाचता यायचं नाही. एक ओळसुद्धा नाही. ब आणि व, घ आणि ध, सगळं एकमेकांत मिसळायचं. मी एकदा त्याला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, "गुर्जी, अक्षरं ठरत न्हाईत. माशा बसल्यावानी हायत. मी बघायलो की उठत्यात."

आता अशा मुलांबद्दल लोकांना काही माहीत असतं. तेव्हा आमच्या भागात दोनच प्रकार होते, हुशार आणि ढ. आणि बसू ढ नव्हता हे तर दिसतच होतं. म्हणून गुरुजींनी तिसरं कारण शोधून काढलं: "ते मुद्दाम करायलंय."

आधी त्यांनी लय माया लावून बघितलं. परातीत ज्वारी पसरून तीत अक्षरं काढायला लावली. मातीची अक्षरं करून उन्हात वाळवली. रोज संध्याकाळी दोघं कंदिलापाशी बसायचे आणि रोज शेवटी गुरुजींचा आवाज चढायचा. गावात लोक बोलायला लागले होते. तोंडावर नाही, पण कानावर येईल इतपत. गावाची लेकरं फडाफडा वाचायलीत आणि गुर्जीचं पोरगं बघा. गुरुजी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. घरी आले की पहिली हाक बसूला.

एके संध्याकाळी बसू आपण होऊन म्हणाला, "आप्पा, आज मी वाचतो."

पुस्तक होतं एका घुबडाचं. त्या घुबडाला दिवसाउजेडी गाव कसं दिसतं ते बघायचं असतं. गुरुजींचं आवडतं, शंभर वेळा त्यांनी ते वर्गात वाचलं असेल. बसूनं मांडी घातली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागला. कुठं अडखळणं नाही. जिथं थांबायचं तिथं थांबायलाय, घुबडाचं बोलणं घुबडाच्या आवाजात काढायलाय. गुरुजींना आधी खरंच वाटेना. मग ते ओरडले, "अगं, भाईर ये! मास्तर, या, या! ऐका!" काकू पिठाचे हात तसेच घेऊन चुलीपासून उठून आल्या. मी पडवीतून आलो. गुरुजी गुडघ्यावर हात ठेवून पुढं झुकले होते. बसू वाचत होता आणि त्याच्याबरोबर गुरुजींचे ओठ हलत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

घुबड झाडावरून उडालं. बसूनं पान उलटलं आणि पुढं वाचू लागला. घुबड देवळाच्या कळसावर बसलं, ऊन त्याच्या डोळ्यांत गेलं, खाली पोरं जमली.

गुरुजींचे ओठ हलायचे थांबले.

ते पान त्या पुस्तकात नव्हतं. दुष्काळाच्या कामावर ते वाऱ्यानं निघून उडून गेलं होतं. तेव्हापासून वर्गात वाचताना गुरुजी तेवढा भाग तोंडपाठ सांगायचे.

"बसू," गुरुजी हळूच म्हणाले, "कोणता सफा वाचायलास?"

"ह्यो."

"ह्याच्यात कळस कुठं हाय? बोट ठेव."

बसूचं बोट पानावरून फिरलं. वरून खाली, खालून वर. मग एका शब्दावर थांबलं. तो शब्द कुठला होता मला दिसला नाही, कळस नक्कीच नव्हता.

गुरुजींनी कोपऱ्यातला रूळ उचलला. आखायचा लाकडी रूळ, शाळेत त्यांनी तो कधी रेघा मारण्यापलीकडे वापरला नव्हता. "किताबीत खोटं? किताबीत खोटं वाचतो?" म्हणत ते त्याच्या हातांवर मारत सुटले. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज त्या वेळी चिरकला होता. मी त्यांचा दंड धरला, त्यांनी तो हिसडला. शेवटी काकू मधे पडल्या तेव्हा रूळ त्यांच्या खांद्यावर बसला आणि गुरुजी थांबले.

बसू रडला नाही. हात काखेत दाबून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमी वाचलेलं मला समदं याद ऱ्हातं आप्पा. तुमीच वाचून दाखवा ना. मला लय आवडतं."

मला वाटलं, आता गुरुजी विरघळतील. गुरुजींच्या मनात मात्र भलतंच आलं. त्यांना वाटलं, रोग सापडला. पोरगं ऐकून भागवतंय, म्हणून वाचत नाही. ऐकणं बंद केलं की झक मारत वाचेल. जी युक्ती सगळ्या गावाच्या पोरांवर चालली ती याच्यावर का नाही चालणार?

दुसऱ्या दिवसापासून बसूला किताब बंद. दुपारच्या सुट्टीनंतर वाचन सुरू झालं की त्याला वर्गाबाहेर काढायचं. घरी मी वाचून दाखवायचो ते आतल्या खोलीत, दार लावून. "भूक लागू द्या त्याला मास्तर," गुरुजी म्हणायचे. "लागली की वाचंल."

मी म्हणालो, "गुरुजी, त्याला जमत नाही. तो सोंग करत नाही. ऐकू द्या त्याला."

"तुमाला लेकरू न्हाई मास्तर, तुमाला काय म्हाईत?"

बसू व्हरांड्यात खिडकीखाली बसायचा. आतलं वाचन तिथं ऐकू यायचं. दोन-तीन दिवसांनी गुरुजींच्या ते ध्यानात आलं. त्यांनी खिडकी लावली नाही. पोरांना उकडलं असतं. त्यांनी आवाज बारीक केला. शेजारच्या वर्गात मला रोज त्यांचा राक्षस ऐकू यायचा, तो यायचा बंद झाला. मी एकदा डोकावून पाहिलं. पोरं गुरुजींच्या अंगावर जाऊन बसली होती, गुरुजी पुस्तकात तोंड घालून पुटपुटल्यासारखे वाचत होते, आणि बाहेर बसू भिंतीला कान लावून होता.

हे पुष्कळ दिवस चाललं. बसू वाचायला लागला नाही. फक्त बोलायचा कमी झाला.

पोखर्णीची जत्रा आली. गावातली पोरं बैलगाडीत बसून गेली, बसूही गेला. संध्याकाळी गाडी परत आली, तीत तो नव्हता. पोरं म्हणाली, आम्हाला वाटलं तो पुढं चालत आला.

आम्ही आठवडाभर हिंडलो. पोखर्णी, परभणीचा स्टँड, मानवतला भावांकडे, गंगाखेडच्या बाजूला. गुरुजी रस्त्यात भेटेल त्याला पोराचं वर्णन सांगायचे, आणि दर वेळी सांगायचे, "लय हुशार हाय, बोलण्यावरून वळखू येईल." पोलिसांतही कळवलं. काही पत्ता लागला नाही. घरी परत आलो त्या संध्याकाळी काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी आमच्या मागं कुणी आहे का बघितलं. मग गुरुजींना म्हणाल्या, "तुमच्या किताबीपायी माझं लेकरू गेलं." त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्याच नाहीत. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, कपडे धुवायच्या. बोलायच्या नाहीत. काही निरोप असला तर माझ्यामार्फत. एका घरात राहून त्या दोघांचे निरोप इकडून तिकडे नेताना मला जीव नकोसा व्हायचा.

गुरुजी शाळेत येत राहिले. वाचूनही दाखवत. पण आता मधे थांबत नसत. गोष्ट शेवटपर्यंत वाचून टाकत, सपाट आवाजात, घाई असल्यासारखी. खिडकीपाशी कुणी जमत नसे. सुतळीवरची पुस्तकं पावसाळी हवेनं फुगली तरी त्यांनी ती काढली नाहीत. मीच काढून ठेवली.

दोनेक वर्षांनी गावातला एक जण रेल्वेत गँगमन म्हणून लागला. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं बातमी आणली. बसू पूर्णेला आहे. स्टेशनाबाहेर सायकलच्या दुकानात काम करतो. आपल्याला बघून आत पळाला, पण तोच.

गुरुजी मला म्हणाले, "मास्तर, तुमी चला. मी एकटा गेलो तर पळंल ते."

काकूंनी धपाटे बांधून दिले, तिळाची चटणी दिली. परभणीहून पॅसेंजर धरून आम्ही पूर्णेला उतरलो. इंजिनांचा धूर, कोळशाची कच, माणसांची ही गर्दी. गुरुजी फलाटावरच्या बाकावर बसले. पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढलं. कोरं होतं, बहुतेक वाटेत परभणीला घेतलेलं. थोडा वेळ हातात धरलं आणि म्हणाले, "हे तुमच्याकडं ठेवा. मला देऊ नका, मी मागितलं तरी."

दुकान म्हणजे पत्र्याचा आडोसा. मालक एक म्हातारा मिस्त्री. बसू उलट्या सायकलपाशी उकिडवा बसून चाकाच्या तारा आवळत होता. उंच झाला होता, ओठावर लव आली होती. त्यानं वर पाहिलं, उठला, आणि उठता उठता दोन्ही हात पाठीमागं नेले.

गुरुजींना ते दिसलं. ते पुढं जायचे थांबले. तिथूनच म्हणाले, "आईनं धपाटे दिलेत."

मिस्त्रीनं आम्हाला बाकडं दिलं, चहा सांगितला. गुरुजी त्याच्याशी उर्दूत बोलायला लागले. इतकी वर्षं त्यांच्याजवळ राहून मी त्यांना असं सलग उर्दू बोलताना ऐकलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, लडका अच्छा है, हाथ साफ है, झूट नहीं बोलता. शेवटच्या शब्दांवर गुरुजींनी मान खाली घातली.

बसू हात पुसून आला आणि थोडं अंतर ठेवून बसला. धपाटे खाल्ले. आईची चौकशी केली.

"घरी चल," गुरुजी म्हणाले. "शाळेचं मी काढणार न्हाई."

बसूनं विचार केला. रागानं नाही, अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "तिथं समदे वाचायलेत आप्पा. हितं कुणी इचारत न्हाई."

आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परतलो. पुढच्या महिन्यात काकू पूर्णेला गेल्या, मुलापाशी राहायला. गुरुजींनी त्यांचं गाठोडं स्टँडपर्यंत नेऊन दिलं. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी त्या घरात एकट्यानं काढली. माझी बदली झाली, लग्न झालं. ते निवृत्त होऊन पूर्णेला गेले असं कुणाकडून तरी कळलं.

मी त्यांना शेवटचं भेटलो ते तिथंच. मिस्त्री वारला होता आणि दुकान बसू चालवत होता. बसूचंही लग्न ठरलं होतं. गुरुजी दुकानापुढं पंप घेऊन बसले होते. सायकलीत हवा भरायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं म्हणे. धोतर वंगणानं काळं झालेलं, भस्म मात्र तेच. शाळेची पोरं दप्तरं मानेवर टाकून यायची, हवा भरून घेऊन जायची. हा म्हातारा कोण होता, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नसावं.

मला बघून त्यांना आनंद झाला. आम्ही गावाच्या, शाळेच्या गोष्टी काढल्या. काकू आतून चहा घेऊन आल्या आणि त्यांनी कप गुरुजींच्या हातात देत म्हटलं, "गरम हाय, दमानं." एवढंच. पण त्या बोलल्या हे ऐकून मला बरं वाटलं.

मी विचारलं, "वाचन चालू आहे ना, गुरुजी?"

"न्हाई."

"डोळ्यांना दिसत नाही का?"

"डोळे चांगले हायत."

निघताना बसू मला स्टेशनापर्यंत पोचवायला आला. पुलाच्या पायऱ्यांपाशी थांबला. "गुर्जी, तुमचं ऐकतात ते. एक सांगून बघा. म्हणावं, एकदा वाचून दाखवा. मी दोनदा किताब आणून दिली. दुकानदाराला इचारून आणली, लेकरांची. ते नुसती उशाखाली ठेवतेत. मला किती दिवस झाले, आप्पाचा आवाज ऐकून."

गाडीला वेळ होता. मी परत फिरलो आणि बसूनं सांगितलं ते जसंच्या तसं गुरुजींच्या कानावर घातलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यानं म्हटलं असं?"

"हो. आत्ताच."

त्यांनी पंपाची नळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, भर दुपारी माझं लेकरू भिताडाला कान लावून बसलं होतं अन् मी आवाज बारीक करत होतो. आता त्याच आवाजात त्याला काय वाचून दाखवू?"

मी म्हणालो, "त्याला ऐकायचंय, गुरुजी."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "म्हणून तर जमत न्हाई."

एक पोरगी सायकल ढकलत आली. मागचं चाक पार बसलं होतं. गुरुजी गुडघ्यावर हात देऊन उठले आणि पंप तिच्या चाकाला लावला. मला गाडी गाठायची होती. मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी एका हातानं माझ्या डोक्याला स्पर्श केला. दुसरा हात पंपावरच होता.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला कळायला उशीर झाला. मी पोचलो तोवर माती होऊन गेली होती. बसू दुकानाच्या पायरीवर बसला होता. मला बघून त्यानं मान हलवली.

"न्हाई वाचलं," तो म्हणाला.